ओमाकासे की काइसेकी?

खास जपानी जेवणाला जायचं तर हे दोन प्रकार समोर येतात. ‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’: काय खायचं ते शेफ ठरवतो. सुशीच्या (भाताच्या घासावर बहुधा कच्चा मासा) काउंटरसमोर बसायचं, शेफ एकेक घास हातात घडवून पुढ्यात ठेवतो. भात कोमट असतानाच तो तोंडात गेला पाहिजे. फोटो काढत बसलात तर मजा गेली. दोघं असाल तर उत्तम. सहा जण असाल तर एका ओळीत बसून टोकाच्या माणसाशी काय बोलणार?

काइसेकीचा थाट वेगळा. चहासोहळ्याशी नातं सांगणारं हे ऋतूनुसार बदलणारं जेवण: सूप, साशिमी (कच्च्या माशाचे काप), भाजलेलं, शिजवलेलं, आणि शेवटी भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, लोणचं. त्यातला ‘हास्सुन’ मला सर्वांत आवडतो. साधारण २४ सेंटिमीटरच्या चौकोनी तबकात अख्खा ऋतू मांडलेला असतो. बऱ्याच ठिकाणी वेगळी खोलीही मिळते, त्यामुळे आईवडिलांना न्यायचं तर माझं मत इकडेच.

शाकाहारी कुणी असेल तर मात्र बुकिंग करतानाच विचारा. भाजीचा पदार्थ दिसला तरी त्याच्या दाशीत, म्हणजे शिजवायला वापरलेल्या रश्शात, बहुधा बोनिटो मासा असतो, आणि ऐन वेळी तो बदलता येत नाही. कच्चा मासा नको असणाऱ्याने ओमाकासेच्या वाटेला जाऊच नये.