डेमोत तेल सुटलं, फिटिंगनंतर ताक झालं

बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. पार्ट धुतलेल्या गरम पाण्यातलं तेल वेगळं करायला गेल्या वर्षी एक सेपरेटर घेतला आणि फसलो. (कूलंटचं, म्हणजे कटिंग करताना सोडायचं, पाणी यात सोडत नाही, ते मुळातच दुधाळ.)

डेमो आमच्याच शेडमध्ये झाला. आमचंच पाणी, बादली उंच धरून सावकाश सेपरेटरच्या टाकीत सोडलं. दहा मिनिटांत वर तवंग, खाली नितळ. "बघितलासा न्हवं मालक?" विक्रेता म्हणाला. मी लगेच सत्तर टक्के ॲडव्हान्स दिला. डेमोत पंप नव्हता, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

फिटिंगला मात्र टाकीच्या आधी २९०० आरपीएमचा सेंट्रिफ्युगल पंप आला, तोही गरजेपेक्षा मोठा. म्हणून पंपातून पाणी बाहेर जातं तिथला (डिलिव्हरीचा) व्हॉल्व्ह अर्धा आवळलेला. दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं पाणी ताकासारखं. तक्रार केली, तर विक्रेता म्हणाला, तुमच्या तेलाचे थेंबच बारीक, केमिकल डोसिंग लावा. त्याचं कोटेशन खिशातच होतं!

आमच्या मिस्त्रीनं पंपाआधीचं आणि व्हॉल्व्हनंतरचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. पहिलीत तेल चहा होईपर्यंत वर आलं. दुसरी सकाळपर्यंत गढूळच.

पंपातल्या फिरत्या चक्राची, म्हणजे इम्पेलरची, पाती तेलाचे थेंब फोडतात, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह उरलेले फोडतो. थेंब वर चढायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो, हा स्टोक्सचा नियम. आमच्यासारखं हलकं तेल धरलं, तर १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साध्या पाण्यातून अर्धा मीटर सहाएक मिनिटांत चढतो. तोच फुटून १५ मायक्रॉनचा झाला, की साडेनऊ तास. आमच्या टाकीत पाणी अर्धा तासही थांबत नाही.

मग कोटेशन नीट वाचलं. हमी '१५० मायक्रॉन व त्यावरील थेंबांसाठी', शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. म्हणजे थेंब त्याच्याच पंपानं फोडायचे आणि हमीही त्यामुळेच जायची. हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

तुम्ही घेणार असाल तर डेमो त्यांच्याच पंपातून, व्हॉल्व्ह लावून, तुमच्या पाण्यावर मागा. पंप टाकीआधी हवाच असेल तर सावकाश फिरणारा स्क्रू पंप विचारा, तो थेंब कमी फोडतो.

आम्ही धुण्याची टाकी स्टँडवर चढवली, पाणी आपोआप उतरतं. पंप सेपरेटरच्या नंतर लावला. आता बरं चाललंय. उरलेले तीस टक्के मागायला विक्रेत्याचा माणूस अजून येतो. त्याला चहा देतो आणि दोन्ही बाटल्या पुढ्यात ठेवतो.