टिल्ट खुर्ची: आठ महिने, कळंब्याचे वारकरी आणि दबलेली एक नळी

दसऱ्याला ही मागं झुकणारी चाकाची खुर्ची घेतली आणि आता वळीव सुरू झालाय, म्हणजे लिहिण्याएवढी वापरून झालीये. माझी इजा मानेतल्या मज्जारज्जूला, सी-५ म्हणजे मानेतल्या पाचव्या पातळीची. विहिरीत सूर मारला, पाणी कमी होतं. खांदे हलतात, कोपर वाकतं. मनगट आणि बोटं नाहीत. हे सगळं फोनला बोलून लिहितोय. फोन 'टिबुकली' या पाणपक्ष्याला दर वेळी 'टिकली' करतो, कुठं राहिली असेल तर सांभाळून घ्या.

छंद पक्षी बघायचा, अपघाताच्या आधीपासूनचा. जुन्या खुर्चीत रडगाणं एकच होतं, दीड तासात परत. एकाच जागी दाब राहिला की जखम होते, मला ती कळत नाही, आणि एकदा झाली की महिना-दोन महिने पलंग. घरी मला आडवं करता येतं, तलावाच्या काठावर कुठं करणार? त्या खुर्चीची नुसती पाठ मागं पडायची. त्यात अंग खाली घसरतं आणि कातडी ओढली जाते. टिल्टमध्ये पाठ आणि बैठक एकत्र मागं झुकतात, दोन्हींमधला कोन तोच राहतो, त्यामुळं घसरणं बरंच कमी. अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं झुकवलं की बैठकीवरचा भार पाठीवर जातो.

पहिल्या रविवारी कळंबा तलावावर सकाळी सातला पोचलो ते साडेअकराला उठलो. तेही आईला भूक लागली म्हणून.

दुर्बीण खुर्चीच्या हाताला लोखंडी क्लॅम्पनं बसवलीये. पुतण्याचं काम. दुर्बीण जड, त्यामुळं दहा मिनिटांत क्लॅम्प खाली झुकतो आणि मला पाण्याऐवजी माझेच गुडघे दिसतात. मग "काका, डावीकडं?" "अजून. अजून. बास!" असं चालतं. फोकस बायको करते. तिला स्वतःला पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं, पण काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी तिनंच आधी ओळखले आणि आता हळदी-कुंकू बदक दिसलं की मला न विचारता नाव घेते. टिल्टचा एक फायदा विकणाऱ्यानं सांगितला नव्हता: झुकवलं की नजर आपोआप आभाळात जाते. दर अर्ध्या तासाला घारी आणि पाकोळ्या फुकटात.

आता दोष. लघवीच्या पिशवीची नळी ज्या बाजूनं खाली येते, तिथंच झुकण्याचा सांधा आहे. जानेवारीत रंकाळ्यावर झुकलेलो असताना कपाळ ठणकायला लागलं, मानेवर घाम आणि दंडावर काटा. थंडीतला घाम म्हटल्यावर बायको उठलीच. "अहो, डोकं दुखतंय का? तोंड लाल झालंय." अशा वेळी आडवं करायचं नाही, सरळ बसवायचं, कारण रक्तदाब चढलेला असतो. तिनं खुर्ची सरळ केली, पट्टे सैल केले आणि नळीवरून हात फिरवत गेली. सांध्यात दबलेली सापडली. सोडवली तशी पिशवी भरायला लागली आणि काही मिनिटांत डोकं उतरलं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असली की भरलेलं मूत्राशयसुद्धा जीवावर बेतू शकतं. एरवी माझा रक्तदाबाचा वरचा आकडा शंभरच्या आतबाहेर असतो, त्यामुळं एकशे चाळीस म्हणजे माझ्यासाठी खूप. हे कागदावर लिहून खुर्चीच्या मागच्या खिशात ठेवलंय. दवाखान्यात प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. नळी आता मांडीच्या आतून घेऊन पट्टीनं बांधतो. कंपनीला फोन केला तर "असं कुणी सांगितलं नाही" एवढंच उत्तर.

पन्हाळ्याला फेब्रुवारीत गेलो. गाडी गडावर जाते हे आमच्यासारख्यांचं नशीब. हवेची गादी उंचावर थोडी घट्ट होते, म्हणून वर पोचल्यावर बायकोनं गादी आणि मी यांच्यामध्ये हात घालून हाडाखाली बोटभर हवा आहे ना हे पुन्हा बघितलं. अंबरखान्यापर्यंत, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठारापर्यंत ढकलत नेलं, पायऱ्या अर्थातच मला जमणाऱ्या नाहीत. आई आणि पुतण्या वर चढले, मी खालून त्यांचे फोटो काढा म्हणून ओरडलो. खडीत पुढची छोटी चाकं रुततात, तिथं खुर्ची उलटी फिरवून मागं ओढायची. पिठलं-भाकरी मात्र खुर्चीतच बसून, बायकोच्या हातून. आजूबाजूची माणसं बघतात. बघू देत.

चैत्रानंतर दहाच्या आत घरी. मला मानेखाली घाम येत नाही, अंग तापतच जातं. पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि ओला नॅपकिन सोबत असतोच. दाजीपूरच्या जंगलात ही खुर्ची नेऊ नका, धक्क्यांनी पाय आखडतात. तिथं गाडीतूनच बघितलं.

डोक्याच्या उशीचा स्क्रू दोनदा सैल झाला, पाना पर्समध्ये असतो. खुर्ची घडी होत नाही. घेणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीच्या मागच्या दाराची उंची मोजा. आम्ही खुर्ची घरी आल्यावर मोजली.