चाळीस एकरांची मोजणी आणि खाचांचा दगड

कोलोरॅडोच्या पूर्वेकडील माळरानावर आम्ही 40 एकर जमीन घेतली आणि तिच्या हद्दी कायम करण्यासाठी गेल्या वर्षी एका परवानाधारक सर्व्हेअरची सेवा घेतली. जीपीएस हाती असल्यावर मोजणी दोन तासांत उरकते, अशा समजुतीने मी त्यांचे दरपत्रक वाचले होते आणि रक्कम पाहून थोडा चिडलोही होतो.

येथील सरकारी जमिनींची विभागणी 1785 च्या अध्यादेशापासून चालत आली आहे. सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन आणि प्रत्येक सेक्शन सुमारे एक चौरस मैलाचा. आमची जमीन 24 व्या सेक्शनच्या वायव्य टोकाला असल्यामुळे तिचा एक कोपरा 13, 14, 23 आणि 24 या चार सेक्शनच्या सामाईक बिंदूवर येतो आणि तेथे मूळ मोजणीचा दगड असायला हवा होता. उपकरणाने दाखवलेल्या जागी नुसते गवत होते. नवी खूण ठोकून मोकळे होणे सोपे होते. पण सर्व्हेअरनी मूळ मोजणीच्या टिपणाची प्रत पुन्हा वाचली आणि फावड्याने मातीचे पातळ थर काढत अख्खी दुपार घालवली. सुमारे चार फुटांवर, वीतभर खोलीवर दगड लागला. माती झाडून त्यांनी मला त्याच्या कडा बोटांनी चाचपायला सांगितल्या. दक्षिणेच्या कडेला तीन खाचा होत्या, पूर्वेच्या कडेला एक. म्हणजे टाउनशिपची दक्षिण हद्द तेथून तीन मैलांवर आणि पूर्व हद्द एका मैलावर.

मूळ मोजणीदाराची साखळी चार फुटांनी चुकली असली, तरी दगड जेथे पुरला तोच कायद्याने खरा कोपरा, हे त्यांनी शांतपणे समजावले. ती साखळी 66 फुटांची. आपल्याकडची मोजणीची साखळी तिच्या बरोबर निम्मी, 33 फुटांची, आणि तिचाच वर्ग म्हणजे आपला गुंठा. बांधाचे दगड रातोरात सरकल्याच्या हकिकती ऐकत वाढलेल्या मला आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटले: अशी सरकारी खूण जाणूनबुजून हलवल्यास येथे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार आहे ती उरलेल्या तीन कोपऱ्यांबद्दल. तेथे मूळ मोजणीत दगड पुरलेलेच नव्हते, त्यामुळे सर्व्हेअरनी सळया ठोकून त्यांवर आपला परवाना क्रमांक असलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. शेजाऱ्याची गुरे फिरतात त्या बाजूची टोपी नकाशा हातात येण्याआधीच फुटली. ॲल्युमिनियमच्या टोप्या त्यांनी नंतर बसवून दिल्या, पण वेगळे पैसे लावून. शिक्का-सहीचा नकाशाही कबूल तारखेनंतर पाच आठवड्यांनी आला आणि त्या काळात दोनदा निरोप ठेवूनही उत्तर आले नाही. नकाशा मात्र चोख होता: सापडलेल्या दगडाचे वर्णन, खाचांची संख्या आणि जवळच्या कुंपणाच्या खांबापासूनची अंतरे त्यात नोंदवली आहेत.

दक्षिणेकडची लगतची जमीन घेतली, तर मोजणीला मी यांनाच बोलावीन. फक्त टोप्या कोणत्या धातूच्या आणि नकाशा कोणत्या तारखेला, हे करारात आधी लिहून घेईन.