लिनक्स कर्नलमधील प्रोसेसरनुरूप एन्क्रिप्शन : वेग उत्तम, बोलणे कमी

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून वापरणाऱ्याला एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची किंमत सतत मोजावी लागते, कारण वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक १६ बाइटांच्या ठोकळ्यावर, किल्ली २५६ बिटांची असेल तर, १४ फेऱ्या चालवाव्या लागतात. लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील, सी भाषेतला सर्वसाधारण कोडही हे काम करतो. परंतु इंटेलने २०१० पासून आपल्या प्रोसेसरांत आणलेल्या एईएस-एनआय सूचनांमुळे संपूर्ण फेरी एकाच सूचनेत उरकते, आणि त्यांच्यासाठी लिहिलेला असेंब्ली कोड (थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला) कर्नलमध्ये वेगळ्या मॉड्यूलच्या, म्हणजे गरजेनुसार चढवता येणाऱ्या भागाच्या, रूपात मिळतो. गेली काही वर्षे तो रोज वापरल्यावर एवढे नक्की म्हणता येते की डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे याचा विसर पडतो.

वेगाइतकाच मोलाचा, पण कमी चर्चिला जाणारा गुण सुरक्षिततेचा आहे. सर्वसाधारण कोड स्मृतीतल्या तक्त्यांमध्ये गुप्त माहितीच्या आधारे शोध घेतो, त्यामुळे कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीच्या) वेळेतील सूक्ष्म फरकांवरून किल्लीचा माग काढता येण्याची शक्यता राहते. प्रोसेसरच्या सूचना तक्तेच वापरत नसल्याने ती वाट बंद होते.

योग्य कोडची निवड कर्नल स्वतःच प्राधान्यांकावरून करतो. ही निवड आंधळी नाही, याचा प्रत्यय २०२४ मधील ६.१० या आवृत्तीत येतो. तीत एक्सटीएस या डिस्कसाठी एईएस वापरण्याच्या पद्धतीसाठी एकाच सूचनेत चार ठोकळ्यांपर्यंत हाताळणारी नवी रूपे आली, तरी ५१२ बिटी रजिस्टर (प्रोसेसरमधील तात्पुरत्या साठ्याची जागा) वापरताच ज्या प्रोसेसरांची घड्याळगती घसरते, त्यांच्यासाठी ५१२ बिटी रूपाचा प्राधान्यांक मुद्दाम खाली ठेवण्यात आला.

माझी तक्रार आहे ती याच निवडीच्या अबोलपणाविषयी. एकदा स्वतः संकलित केलेल्या कर्नलच्या प्रारंभिक रॅमडिस्कमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी स्मृतीत चढणाऱ्या फाइलसंचात) एईएस-एनआयचे मॉड्यूल घालायचे माझ्याकडून राहिले. डिस्क उघडताना सर्वसाधारण कोड निवडला गेला, आणि मॉड्यूल नंतर चढवूनही उपयोग झाला नाही, कारण डीएम-क्रिप्टने (कर्नलमधील डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या भागाने) आधी घेतलेला कोड डिस्क पुन्हा उघडेपर्यंत बदलत नाही. आठवडाभर मी दोष एसएसडीला देत होतो (बिचारीचा काही अपराध नव्हता). शेवटी कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइलव्यवस्थेतील क्रिप्टो ही फाइल वाचली, तेव्हा कुठे उलगडा झाला. मंद पर्याय स्वीकारताना नोंदवहीत एक ओळ लिहिली असती तरी पुरे होते.

दुसरी मर्यादा रचनेतूनच येते. या सूचनांना लागणारी रजिस्टरे कर्नलने वापरायची म्हणजे आधी वापरकर्त्याच्या प्रोग्रामची स्थिती जपावी लागते आणि तेवढा वेळ प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देणे) रोखून धरावे लागते. मोठ्या तुकड्यांत हा खर्च विरून जातो, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये मात्र तो अधिक जाणवतो. म्हणून लक्स-२ या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन स्वरूपामध्ये ४०९६ बाइटांचा सेक्टर निवडणे मला अधिक हिताचे वाटते.

ज्यांच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचनाच नाहीत, त्यांना यातून काहीही मिळणार नाही. त्यांच्यासाठी २०१९ मधील ५.० आवृत्तीपासून उपलब्ध असलेली, चाचा (ChaCha) नावाच्या प्रवाह-सायफरवर उभारलेली एडियान्टम पद्धत आहे. संगणकाच्या खरेदीपूर्वी क्रिप्टसेटअप या डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या साधनाची बेंचमार्क आज्ञा चालवून पाहावी; मात्र तिचे आकडे केवळ स्मृतीतील कामाचे असतात, डिस्कच्या वेगाचे नव्हेत.