म्हशींना पेप्टाइड पावडर: उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत घातल्यानंतर

आमचा गोठा सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. पंढरपुरी म्हशी जास्त, सोबतीला दोन मुऱ्हा. दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याच्या वर गेलं की पॉइंटला पैसे वाढतात. त्यामुळे खाद्याच्या दुकानात कुणी "ह्याने फॅट वाढतंय" म्हणालं की प्रत्येक गोठेवाला थांबून ऐकतो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी पेप्टाइडची पावडर सुरू केली आणि पावसाळा सरेपर्यंत घातली. ब्रँडचं नाव लिहीत नाही. असेच घटक असलेली पाकिटं बरीच मिळतात आणि मला सांगायचंय ते घटकाबद्दल.

निकाल आधीच सांगते. फॅट वाढावं म्हणून घेणार असाल तर पैसे ठेवून द्या. नुकत्या व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या म्हशीची तब्येत सावरावी म्हणून घेणार असाल तर पुढचं नीट वाचा.

पाकिटावर लिहिलंय ते असं: सोयाबीनची प्रथिनं एन्झाइमने तोडून केलेले पेप्टाइड, त्यात यीस्टचा अर्क. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. पावडर तपकिरी, वास खमंग आणि खारट. म्हशीमागे रोज 50 ग्रॅम, भरड्यात कालवून. पंढरपुरी म्हशींनी पहिल्याच दिवशी गव्हाण चाटून साफ केली, मुऱ्हांनी थोडे दिवस हुंगून तोंड फिरवलं. पावसाळ्यात मात्र ही पावडर सांभाळावी लागते. हवा लागली की गोळे होतात, चिकट होते. मी झाकणाच्या डब्यात काढून ठेवली.

आता दाव्याबद्दल. पाकिटावर "चरबीचे चयापचय सुधारते" असं ठळक छापलंय. हे अगदीच हवेतलं नाही, त्यामागे खरं काम आहे, पण ते बहुतेक उंदरांवरचं. सोयाबीनची आणि मासळीची तोडलेली प्रथिनं खाऊ घातलेल्या उंदरांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं आहे. 2001 मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी गाईच्या दुधातल्या प्रथिनापासून पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढला, लॅक्टोस्टॅटिन त्याचं नाव. त्यानेही उंदरांचं कोलेस्टेरॉल कमी झालं. असे काही तुकडे आतड्यात पित्ताला धरून ठेवतात, मग पित्त विष्ठेवाटे जास्त जातं आणि नवं पित्त करायला यकृत कोलेस्टेरॉल खर्च करतं. काही तुकडे यकृतात चरबी तयार करणारी यंत्रणा मंदावतात, जाळणारी वाढवतात. उंदीर, कुत्रा, कोंबडी यांच्यात हे समजण्यासारखं आहे, कारण त्यांनी खाल्लेला पेप्टाइड थेट आतड्यात पोचतो आणि दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे तुकडे तिथून अखंड आत शोषले जातात.

म्हशीचं तसं नाही, आणि दुकानदार हेच सांगत नाहीत. म्हशीने खाल्लेलं सगळं आधी कोटीपोटात, म्हणजे वैरण आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात जातं. तिथले जिवाणू प्रथिनाचे तुकडे, तुकड्यांची अमिनो आम्लं आणि त्यांचा अमोनिया करून टाकतात. बायपास केलेलं, म्हणजे कोटीपोटात न तुटता पुढे जाईल असं बनवलेलं नसेल तर पाकिटातला बहुतेक पेप्टाइड म्हशीला मिळायच्या आधी जिवाणूंना मिळतो. म्हणजे उंदराच्या यकृतात जे झालं ते म्हशीच्या यकृतात होईल असं धरून चालणं चूक आहे. शिवाय उंदराच्या यकृतात चरबी भरपूर बनते, म्हशीच्या अंगात ती मुख्यतः चरबीच्या थरातच बनते, तीही ॲसिटेटपासून, म्हणजे कोटीपोटात वैरण आंबून बनणाऱ्या आम्लापासून. पाया वेगळा आहे.

मग उपयोग कशाचा? जिवाणूंचा. आमच्याकडे वैरण म्हणजे शाळूचा कडबा. मालदांडीचा कडबा म्हशी आवडीने खातात, पण त्यात प्रथिन फार थोडं. कडब्यातला तंतू पचवणारे जिवाणू बरेचसे अमोनियावर भागवतात, पण त्यांना ठरावीक अमिनो आम्लांपासून बनणारी काही फांदीदार आम्लंही लागतात. नुसता कडबा आणि उसाचे वाढे खाणाऱ्या म्हशीत हीच कमी पडतात. पेप्टाइडने ती भर निघते. सरकी पेंडीनेही निघते, हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुढे येतेच.

मी सगळ्याच म्हशींना पावडर घातली नाही. व्यालेल्यांपैकी निम्म्यांना घातली, निम्म्यांना नाही. बाकी खाद्य सगळ्यांना सारखं: कडबा कुट्टी, थोडी हिरवी मका, सरकी पेंड, भरडा, मिनरल मिक्श्चर.

फॅटच्या पावत्या जुळवून पाहिल्या आणि फरक सापडला नाही. खरं सांगायचं तर व्याल्यावर पहिले काही आठवडे पावडर न घातलेल्या म्हशींचंच फॅट वर होतं. ते पाहून शेजारच्या काकी म्हणाल्या, "बघ, उगं पैसं घालवलंस." पण त्याच म्हशी वाळत होत्या. हे प्रत्येक गोठ्यात कळायला हवं. व्याल्यावर म्हैस जेवढं दूध देते तेवढं खाऊ शकत नाही, मग अंगावरची चरबी वितळून रक्तात येते. त्यातली काही कासेत उतरते आणि फॅटचा आकडा वाढतो. बाकीची यकृतात जाते. रवंथ करणाऱ्या जनावराचं यकृत चरबी बाहेर पाठवण्यात कमकुवत, म्हणून ती तिथेच साचते, उरलेलीचे कीटोन होतात, म्हणजे चरबी अर्धवट जळून उरणारे पदार्थ. त्यामुळे ताज्या व्यालेल्या म्हशीचं फॅट अचानक चढलं, ती भरडा सोडून नुसता कडबा ओढायला लागली, शेण घट्ट झालं, तर खूश होऊ नका, डॉक्टरांना बोलवा. लघवीची साधी तपासणी असते, कीटोन असले की जांभळा रंग येतो. आमच्या एका पंढरपुरीचा तसा आला होता, ती पावडर न घातलेल्यांतली.

पावडरवाल्यांचं फॅट बेताचं राहिलं, पण दूध जरा जास्त आणि अंग टिकलं. सासूबाईंनी कुठलीही पावती न बघता सांगितलं, "हिचा पुठ्ठा खाली गेला न्हाई ह्या खेपंला." कमरेची हाडं, शेपटीच्या बुडाची खाच, फासळ्या, हे बघून शरीराला 1 ते 5 गुण देतात. व्यायच्या वेळी 3 ते 3.5 असावेत. न घातलेल्या म्हशी त्यापासून लवकर घसरल्या, घातलेल्या हळू. रवंथही नीट चालायचा, व्याल्यानंतर खाणं लवकर सुधारलं. मला वाटतं पावडरने चरबी "वितळवली" नाही, उलट वितळायची गरज कमी केली. कडबा चांगला पचला, ताकद मिळाली, म्हणून अंगावरची चरबी कमी काढावी लागली. अर्थात आमचा गोठा लहान. म्हशी म्हशींत फरक असतो, पंढरपुरी मूळचीच काटक. दुसऱ्याच्या गोठ्यात एवढं स्पष्ट दिसेलच असं मी म्हणणार नाही.

दुधाचं फॅट खरंच कशाने हललं तेही लिहिते. दुधातली जवळजवळ निम्मी चरबी कासेतच बनते, कोटीपोटात तंतू पचून आलेल्या ॲसिटेटपासून. पावसाळ्यात कोवळं हिरवं जास्त झालं तेव्हा फॅट उतरलं, कडबा वाढवला की परत आलं. पावडर चालू असो की बंद. भरडा एकदम वाढवला किंवा फॅटसाठी म्हणून गोडेतेल पाजलं तर उलट होतं. कोटीपोटात वेगळी चरबीची आम्लं तयार होतात आणि तीच कासेला चरबी बनवू देत नाहीत. तेल पाजायची पद्धत आमच्या भागात अजून आहे, ती थांबवा असं मी जाईल तिथे सांगते.

पावडरीची परीक्षा करणार असाल तर नमुना सारखा घ्या. धार काढताना सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं दाट. पारडाने शेवटचं ओढलं तर मशीनवर कमी लागणारच. सकाळ आणि संध्याकाळच्या धारेतही फरक असतो, मधलं अंतर कमी त्या वेळेला फॅट जास्त. आणि वेत पुढे सरकलं की दूध आटत जाऊन फॅट आपोआप वाढतं. त्याचं श्रेय पाकिटाला देऊ नका. मला भेटलेल्या बऱ्याच "फॅट वाढलं" म्हणणाऱ्यांनी हेच पाहिलेलं होतं.

जुळे सोलापुरात माझा भाऊ राहतो, त्याच्या लॅब्रेडॉरला वजन उतरावं म्हणून असलीच मासळीच्या पेप्टाइडची पावडर चालू आहे. त्याचा कुत्रा अजून तसाच. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारे मेंदूतले पेप्टाइड नीट बनत नाहीत आणि भूक शमत नाही. तिथे वाटीत पडणारं खाणं मोजणं हाच उपाय, आणि ते मी त्याला निक्षून सांगितलंय.

खर्च म्हशीमागे दिवसाला 15 रुपयांच्या आसपास पडला. दुधाला बरी असलेल्या, वेताच्या मध्यावरच्या म्हशीला ते परवडत नाही, तिला सरकी पेंड पुरेशी असेल तर वेगळं काही मिळत नाही. भाकड जनावराला तर नकोच. गोठ्यात पेंड, मिनरल मिक्श्चर आणि बारा महिने कडबा यांचीच तंगी असेल तर आधी ते पुरं करा. वाढ्यांच्या हंगामात मिनरलकडे जास्तच लक्ष द्या, वाढ्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

आता मी सगळ्यांची पावडर बंद केली आहे. व्यायला तीन आठवडे राहिले की सुरू करायची, व्याल्यानंतर म्हैस खाण्यावर नीट येईपर्यंत ठेवायची, मग थांबवायची, एवढंच ठरवलंय. दोन पंढरपुरी येत्या थंडीत व्यायच्या आहेत, त्यांच्यापुरती पावडर डब्यात शिल्लक आहे.