पहिल्या ट्रायथलॉनसाठी घेतलेली रोड बाइक: गोव्याच्या पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. पहिली ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं, लागोपाठ) करायची असेल आणि राहायला गोव्यात असाल, तर अ‍ॅल्युमिनियमची, एन्ड्युरन्स जॉमेट्रीची (लांब पल्ल्याला जरा ताठ बसता येईल अशा बांध्याची), डिस्क ब्रेकची आणि निदान २८ मिमीचे टायर बसणारी साधी रोड बाइक घ्या. कार्बन नको, आणि खास ट्रायथलॉन बाइक तर नकोच नको. शर्यत एका सकाळची. तिच्याआधीचा अख्खा पावसाळा, लाल चिखल, खारा वारा आणि पर्वरीच्या हमरस्त्याची धूळ हे सगळं त्याच सायकलीला सोसायचं असतं. मी सायकल निवडली ती या हिशेबाने. उन्हाळ्यात घेतली, गणेश चवथीच्या दिवसांतल्या पावसात चालवली, मिरामारला आयर्नमॅन ७०.३ (१.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१ धावणं) तिच्यावरच पूर्ण केली आणि अजून विकायचं मनात नाही.

कुठल्या कंपनीची, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की सगळी चर्चा फ्रेमवरच्या स्टिकरवर जाते. लाखाच्या अलीकडे-पलीकडे मिळणाऱ्या ट्राइबन, ट्रेक डोमाने एएल, जायंट कंटेंड, मेरिडा स्कल्टुरा या रांगेतलीच एक समजा. कार्बनचा फोर्क, शिमानो सोरा ग्रुपसेट (गिअरचा संच), पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे नऊ गिअरची ११-३२ कॅसेट (११ ते ३२ दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. पेडलसकट वजन साडेदहा किलोच्या आसपास. या वजनावरून आमच्या ग्रुपमध्ये माझी बरीच चेष्टा होते. पण सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि मी मिळून सत्तर किलो भरतो. त्यात दीड किलो वाचवायला दुप्पट पैसे घालायचे तर ते बांबोळीच्या चढावर जेमतेम जाणवतील आणि दोनापावलाच्या सपाटीवर मुळीच नाही.

निवडताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो मापात. माझी उंची १५७ सेंमी. एका दुकानात माझ्या मापाची सायकल नव्हती, मीडियम होती. दुकानदार म्हणाला, "बाय, सीट खाली करून देतो, स्टेम आखूड लावतो, चलता तें." चालत नाही. सीट खाली जाते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमनेच ठरवून टाकलेलं असतं. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, फार आखूड केला तर हँडल नको इतकं हलकं होतं आणि उतारावर सायकल थरथरल्यासारखी वाटते. तरीही हात ताणलेलेच राहतात, मानेला कळ लागते, आणि सायकलवरून उतरून २१ किलोमीटर धावायचं असताना ती कळ फुकटची डोकेदुखी होते. म्हणून दुकानात जाण्याआधी कंपनीच्या तक्त्यात दोनच आकडे पाहा, स्टॅक आणि रीच. स्टॅक म्हणजे हँडल किती उंचावर येणार, रीच म्हणजे किती पुढे. स्मॉल-मीडियमची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, हे दोन आकडे मात्र एकमेकांशी ताडून पाहता येतात. मला रीच ३६५ मिमीच्या आसपास आणि स्टॅक ५२० च्या वर हवा होता. तशी सायकल मागवून घ्यावी लागली, थांबावं लागलं. थांबा. स्टॉकमध्ये आहे म्हणून मोठी सायकल घेऊ नका.

उंचीने कमी असलेल्यांना, विशेषतः बायकांना, आणखी काही गोष्टी कुणी सांगत नाही. लहान फ्रेमला चाकं मात्र मोठ्यांचीच, ७०० सीची. त्यामुळे हळू वेगात हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. वेगात असताना हँडल इतकं वळतच नाही, म्हणून धोका तेव्हा नसतो. असतो तो रायबंदरच्या फेरी धक्क्यावर गर्दीत वळताना. सवय होते, पण क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून पहिल्याच दिवशी बाजारातून जाऊ नका. दुसरं, ब्रेकचे लिव्हर. बोटं पुरत नसतील तर लिव्हर जवळ आणायला बहुतेक मॉडेलमध्ये छोटा स्क्रू असतो. तो फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि कुणीही मेकॅनिक आपण होऊन फिरवत नाही. तिसरं, क्रँक, म्हणजे पेडलची दांडी. लहान फ्रेमवरही माझ्या सायकलीला १७० मिमीचा क्रँक आला होता. तो काढून १६५ चा बसवला आणि केलेल्या सगळ्या खर्चांत हाच सर्वांत वसूल झाला. पेडल वर येतं तेव्हा मांडी पोटाला कमी भिडते, कंबर मोकळी राहते. मिरामारला सायकल टेकवून करंझाळेच्या दिशेने धावायला लागलं की पहिली दहा मिनिटं पाय परक्याचे वाटतात, ती आता लवकर सरतात.

आणि बाटल्या! छोट्या फ्रेमच्या त्रिकोणात दुसरी बाटली ५०० मिलीचीच मावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आपल्या दमटपणात तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी सहज लागतं आणि मला ९० किलोमीटरला तीन तासांहून जास्त लागणार हे उघड होतं. तिसरी बाटली मी सीटच्या मागे लावली. शर्यतीत वाटेत पाणी मिळतं, पण सरावाच्या वेळी बाणस्तारीच्या पुढे सकाळी सहाला उघडं दुकान शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

गिअरबद्दल मला हमखास विचारतात: "पन्नास-अकरा (पुढे ५०, मागे ११ दात्यांची चकती) पुरेल का?" पुरेल हो. २८ मिमीच्या टायरचा घेर साधारण २.१४ मीटर. ५०-११ वर मिनिटाला नव्वद वेळा पेडल फिरवलं तर वेग ५२ च्या वर जातो. तो वेग माझ्यासारखीच्या नशिबात फक्त उतारावर, आणि तिथे मी ब्रेकवर असते. शर्यतीत माझा सगळा वेळ ५०-१७ किंवा ५०-१९ वर गेला. खरी चौकशी दुसऱ्या टोकाची करा. ३४-३२ वर सत्तरच्या लयीत ताशी साडेनऊ किलोमीटरला चढता येतं. म्हणूनच आल्तिनोचा चढ बसून निघतो आणि केरी-सत्तरीहून चोर्ला घाट चढताना गुडघे शाबूत राहतात. मागे २८ चीच कॅसेट असेल तर दुकानातच बदलून मागा. किनाऱ्याचे फोटो बघून बाहेरच्यांना गोवा सपाट वाटतो. पठारावर राहणाऱ्याला घरी येताना रोज चढायचं असतं.

आता पावसाळा. याच काळात सायकल नीट कळते. डिस्क ब्रेक भिजल्यावरही धरतात हे खरं, पण आपल्या रस्त्यावरचा जांभ्या दगडाचा लाल चिखल बारीक वाळूसारखा पॅडमध्ये बसतो. कंपनीकडून आलेले रेझिन पॅड चवथीपर्यंत टिकले नाहीत. केबलच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर आपोआप जुळत नाही, तो हँडलला टेकायला लागतो. म्हणून दर आठवड्याला अ‍ॅडजस्टर फिरवायचं काम माझ्याकडेच आलं. नंतर मेटल पॅड लावले. ते जास्त टिकतात, ओरडतात मात्र भयंकर, सायकलवरून पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंप्याची मला गरज उरलेली नाही. मेटल पॅड घेण्याआधी डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं नाही ना, ते पाहा. स्वस्त सायकलींवर बऱ्याचदा असतं, आणि मग डिस्कही बदलावी लागते. पैसे असतील तर हायड्रॉलिक ब्रेकची सायकल घ्या. कार्बन फ्रेमवर घालायचे पैसे तिथे घाला.

चेन भिजली आणि रात्रभर तशीच राहिली की सकाळी तिच्यावर तांबूस साय धरलेली असते. म्हणून घरी आल्याआल्या फडक्याने पुसणं आणि ओल्या हवामानाचं तेल टाकणं, आंघोळीच्या आधी. केबल मात्र वाचली नाही. फ्रेमच्या आतून जाणाऱ्या गिअरच्या केबलीत पाणी शिरलं आणि पावसाळा सरताना मागचा गिअर अडखळायला लागला. आतली-बाहेरची दोन्ही बदलली, गिअर पुन्हा नवे झाले. हा खर्च दर वर्षीचा धरूनच चाला. सीटपोस्ट दोन महिन्यांतून एकदा बाहेर काढून ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या हवेत तो फ्रेममध्ये असा धरतो की मग करवतच आणावी लागते. आणि घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालवत असाल तर हँडलवर टॉवेल टाका. पावसापेक्षा आपला घाम जास्त खारट असतो, स्टेमचे स्क्रू तोच खातो. खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न: बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) आट्यांचा आहे का? आट्यांचा असेल तर गावातला बरा मेकॅनिकही तो योग्य पान्याने खोलून बदलू शकतो. दाबून बसवलेला निघाला आणि कुरकुरला, तर कुरकुर सोबत घेऊन फिरायची तयारी ठेवा.

टायर २८ चे ठेवले आणि हवा ६५ ते ७० पीएसआय. माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे, त्याला एवढी पुरते. दुकानात शंभर भरून देतात. घरी येऊन कमी करते. कडक टायर आपल्या खडबडीत रस्त्यावर वेग देत नाहीत, नुसते उडतात. पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब कायम सोबत. शर्यतीत तुमचं पंक्चर तुम्हालाच काढायचं असतं.

एअरोबार लावावेत का? म्हणजे हँडलवर पुढे बसवायचे दोन दांडे, ज्यांवर कोपरं टेकून वाकता येतं. मी साधे क्लिप-ऑन लावले, शर्यतीच्या तीनेक महिने आधी. सपाटीवर वेग वाढला की बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो आणि त्यात सायकलीचा वाटा थोडा, आपल्या अंगाचा मोठा. शिवाय या शर्यतीत पुढच्याच्या आडोशाला राहायला बंदी आहे: पुढच्या सायकलीपासून बारा मीटरचं अंतर ठेवायचं, आणि त्या टप्प्यात शिरलात तर पंचवीस सेकंदांत पुढे निघून जायचं. म्हणजे वारा तुमचा तुम्हालाच खायचा. त्यामुळे लाखभराच्या चाकांपेक्षा हे दोन दांडे जास्त कामाचे. पण अटी आहेत. हँडल स्टेमजवळ गोल हवं, चपट्या हँडलवर ते बसतच नाहीत. दांडे लावल्यावर सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते, कारण रोड बाइकचा सीटचा कोन ७३-७४ अंशांचा असतो आणि ट्रायथलॉन बाइकचा ७६ च्या पुढे. ते न करता वाकलात तर मांड्या छातीला लागतात. ब्रेकवर तेव्हा हात नसतात हे तर लक्षात असूच द्या. रायबंदरच्या पाँते द लिन्हारीशवर मांडवीवरून आडवा वारा असतो आणि मागे बस असते, तिथे मी त्या दांड्यांना हातही लावत नाही. सराव करायचा तर पहाटेच्या फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावं, रस्ते सपाट आणि रिकामे असतात. गुरं तेवढी सांभाळायची.

पेडलच्या बाबतीत मी रोडचे तीन बोल्टवाले क्लीट सोडून डोंगरी सायकलीचे दोन बोल्टवाले घेतले. शुद्ध सायकलवाले नाक मुरडतात. पण समुद्रातून आल्यावर पायाला वाळू असते, आणि सायकल हातात धरून बरंच पळायचं असतं. तळव्यात आत बुडलेले क्लीट आणि रबरी तळवे असलेल्या बुटांत ते जमतं. तेव्हाची एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही: हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, नाहीतर दंड. घरी तसाच क्रम पाठ करा.

शर्यतीचं थोडक्यात. पोहणं १.९ किलोमीटर, त्याबद्दल न बोललेलं बरं. सायकल साडेतीन तासांच्या किंचित आत. वाटेत महागड्या ट्रायथलॉन बाइकवरची माणसं मला मागे टाकून गेली, आणि त्यातली काही धावताना चालत असलेली भेटली. श्रेय सायकलीचं नाही, त्यांनी सुरुवातीला ऊन मोजलं नव्हतं. पण माझी पाठ ताठ होती, मान दुखत नव्हती आणि मी पहिल्या किलोमीटरपासून धावत होते.

तक्रारीही आहेत. सोबत आलेली सीट बायकांसाठी बिनकामाची होती. बसण्याच्या हाडांतलं अंतर मोजून रुंद घेतली, तीही दुसऱ्या प्रयत्नात जमली. मूळ चाकं जड आहेत, सिग्नलवरून उचलताना कळतं. हँडल खांद्यांपेक्षा रुंद होतं, ३८ सेंमीचं लावलं. हे सगळं धरून मूळ किमतीवर सहज पंधरा-वीस टक्के वर गेले, तेव्हा बजेट ठरवताना सगळे पैसे सायकलीवरच संपवू नका. हेल्मेट, बूट, पंप यांचे वेगळे.

जुनी घ्यायचा विचार असेल तर छोट्या मापाच्या गोव्यात क्वचित निघतात. पुणे-बेंगळुरूकडे चौकशी करावी लागते. समुद्रकाठची जुनी सायकल पाहताना तिघांना हात लावा. सीटपोस्ट फिरवून बघा, हलतो का. हँडलवरची टेप थोडी सोडवून बघा, खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड दिसली तर ते हँडल बदलायचं धरा. आणि चेन गेजने (झीज दाखवणाऱ्या पट्टीने) मोजा, झीज ०.७५ टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर कॅसेटही गेलेली असण्याची शक्यता मोठी, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. विकणारा म्हणेल, "फक्त रविवारी चालवली हो." रविवारीच पाऊस जास्त पडतो.