आपल्या गावचे म्हणून कोणाचे नाव लिहावे: जन्मस्थान, मूळ गाव की जडणघडण?

वाचनालयातील नामवंतांचा फलक असो, शाळेच्या शताब्दीची स्मरणिका असो किंवा तालुक्याची माहितीपुस्तिका असो, यादी करायला बसले की ‘हा माणूस आपला म्हणायचा का?’ हा वाद उभा राहतोच. कोकणात या प्रश्नाची तीन उत्तरे चालतात. कोणी जन्मस्थान धरतात, कोणी मूळ गाव धरतात, तर कोणी माणूस कोठे वाढला आणि कोठे राबला ते पाहतात. ज्यांना अशी यादी ठरवायची आहे, त्यांच्यासाठी या तिन्ही कसोट्या शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

जन्मस्थानाची कसोटी सर्वांत सोयीची आहे, कारण तिला एक गाव आणि एक तारीख पुरते. परंतु कोकणात नेमकी हीच कसोटी फसवी ठरते, कारण बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपली रीत जुनी आहे आणि त्यामुळे जन्माची नोंद पुष्कळदा आजोळच्या नावावर पडते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 मध्ये खेड तालुक्यातील शेरवली येथे, म्हणजे आजोळी झाला. ते वाढले मात्र दापोली तालुक्यातील मुरुड येथे. सहावीच्या परीक्षेसाठी ते ज्या घरातून पायी घाट चढून साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच परत आले, ते घर मुरुडचे होते. पुढे पुण्याला स्थायिक झाल्यावर त्यांनी गावाच्या उपयोगासाठी निधी उभारला, तोही ‘मुरुड फंड’ या नावाने. केवळ जन्म पाहायचा तर हे सारे शेरवलीच्या खात्यावर जाईल, आणि ते कर्व्यांनाही पटले नसते असे मला वाटते. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म गुहागर तालुक्यातील कोतळूकचा, पण त्यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. त्यांच्या बाबतीत कोकणाचा वाटा किती आणि घाटावरचा किती, हे जन्मगावावरून कळत नाही.

मूळ गावाची कसोटी आपल्या मनाला अधिक जवळची आहे. मुंबईत तीन पिढ्या काढलेला चाकरमानीही ‘गाव कोणते?’ या प्रश्नाला कधी परळ किंवा गिरगाव असे उत्तर देत नाही. जेथे त्याचे ग्रामदैवत आहे आणि शिमग्यात पालखी जेथे त्याच्या अंगणात येते, ते त्याचे गाव असते. या कसोटीची खरी ताकद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बाबतीत दिसते. त्यांचा जन्म 1891 मध्ये महू येथे झाला, म्हणून जन्मस्थान धरणारी यादी त्यांना वगळील. परंतु त्यांचे घराणे मंडणगड तालुक्यातील आंबडवे येथील आहे, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 मध्ये याच किनारपट्टीवर झाला, आणि कोकणातील कुळांना पिळणारी खोती रद्द व्हावी म्हणून 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. त्यांना वगळणाऱ्या यादीला कोकणाची यादी म्हणता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मूळ गाव एकटे पुरत नाही. नाना फडणवीस यांचे मूळ गाव वेळास, पण जन्म साताऱ्याचा आणि कारभार पुण्याचा. शिवाय ही कसोटी स्त्रियांच्या बाबतीत अडखळते, कारण मूळ गाव आपण पुरुषांच्या वंशावरून मोजतो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे नाव लांजा तालुक्यातील कोट या गावाशी जोडले जाते ते सासरच्या नेवाळकर घराण्यामुळे. याउलट रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंद गावच्या लेक होत्या; त्यांचे नाव सासरच्या गावाखाली लिहिले तर वणंदवर अन्याय होईल. स्त्रीच्या नावापुढे माहेर आणि सासर या दोन्ही गावांची नोंद करावी, हा नियम समितीने आधीच करून ठेवावा.

तिसरी कसोटी जडणघडणीची आणि कार्याची. ती सर्वांत न्याय्य आहे आणि सर्वांत अवघडही आहे. आमच्या गावच्या जुन्या फलकावर, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत, नावापुढे ‘जन्म’ हा एकच रकाना होता. घाटावरून आलेले आणि गावातील दोन पिढ्यांना अक्षर शिकवून येथेच देह ठेवलेले गुरुजी त्या रकान्यात बसले नाहीत, म्हणून त्यांचे नाव राहून गेले. आजही त्या फलकासमोर उभे राहिले की मला त्याचा त्रास होतो. मात्र ही कसोटी सैल सोडली, तर येथे मुक्काम केलेला प्रत्येक जण ‘आपला’ होतो. ब्रह्मदेशाचे राजे थिबा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत होते, पण ते कैदी म्हणून. विनायक दामोदर सावरकर यांचे रत्नागिरीतील वास्तव्य 1924 ते 1937 असे स्थानबद्धतेचे होते, जरी पतितपावन मंदिर त्याच काळात, 1931 मध्ये उभे राहिले. ही दोन्ही नावे शहराच्या इतिहासात हवीतच. भूमिपुत्रांच्या यादीत मात्र नकोत. त्यांच्यासाठी ‘वास्तव्य’ असे वेगळे शीर्षक करावे.

निवड करताना मी बालपण आणि जडणघडण यांना पहिले स्थान देईन, त्यानंतर मूळ गाव पाहीन, पण ते त्या माणसाच्या आयुष्यात किंवा कामात काही रूपाने जिवंत असेल तरच, आणि जन्मस्थान शेवटी ठेवीन. या क्रमाने पाहिले तर लोकमान्य टिळकांचा प्रश्नही सुटतो: जन्म 1856 मध्ये रत्नागिरी शहरात, मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव, आणि दहाव्या वर्षापासून पुणे. पहिली दहा वर्षे रत्नागिरीची, म्हणून मुख्य नोंद रत्नागिरीने करावी. चिखलगावनेही त्यांचे नाव लिहावे, पण पुढे ‘मूळ गाव’ हे शब्द घालून.

जिल्ह्यांच्या हद्दींचेही भान ठेवावे लागते. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला. तेव्हा 1832 मध्ये ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे म्हणून आज सिंधुदुर्गाचे आहेत, पण जुन्या पुस्तकांत ते रत्नागिरी जिल्ह्यात सापडतील. गाव आणि तालुका लिहावा, म्हणजे जिल्हा बदलला तरी नोंद चुकत नाही.

फलक रंगवायला देण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे नाते लिहिले आहे की नाही, एवढे एकदा पाहून घ्यावे. मुरुडच्या फलकावर ‘धोंडो केशव कर्वे, बालपण व मूळ गाव मुरुड, जन्म शेरवली (आजोळ)’ अशी ओळ असेल, तर शेरवलीच्या माणसालाही तो फलक वाचताना आपले गाव भेटेल.